पावसाळा, छोटी गाडी आणि टायर

मे महिना अर्धा सरला की मुंबईकराची पावसाळ्याची तयारी सुरू होते. छत्रीच्या काड्या तपासल्या जातात, खिडकीवर ताडपत्री चढते, गच्चीच्या भेगांत डांबर ओततात, रेनकोट उन्हात टाकला जातो. ज्यांच्याकडे गाडी आहे ते वायपरचं रबर बदलतात, फार तर दारांच्या रबरातून पाणी आत येतं का ते पाहतात. पण गाडीचा रस्त्याशी संबंध फक्त ज्या चार जागी येतो, तिकडे कुणी वाकून बघत नाही. टायर पंक्चर झाला की आठवतो, एरवी नाही. मला वाटतं, हे चुकीचं आहे, आणि आपल्या शहराच्या बाबतीत तर जरा जास्तच चुकीचं आहे.

हा विषय डोक्यात घोळायला लागला तो एका भाच्यामुळे. तो जर्मनीत कोलोनला असतो. त्याच्याकडे आपल्यासारखीच छोटी गाडी आहे, पण टायरचे दोन संच आहेत, उन्हाळ्याचा वेगळा, हिवाळ्याचा वेगळा. तिकडे म्हणे ऑक्टोबर ते ईस्टर हा हिवाळी टायरचा काळ, अशी सोपी आठवण लोकांनी ठरवून ठेवली आहे. कायद्यात तारीख नाही. मात्र रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेलं पाणी असेल तर हिवाळी टायर हवेच, असा नियम तिथे २०१० पासून आहे. ऑक्टोबर २०२४ पासून तर टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण हे चिन्ह असलं तरच तो टायर हिवाळी म्हणून धरतात. कोलोन ऱ्हाइनच्या काठचं गाव, हवा तशी सौम्य, बर्फ एखाद्या वर्षी पडतो न पडतो. म्हणून हा पहिल्या वर्षी कुरकुरत होता, "मामा, चार दिवसांच्या बर्फासाठी चार टायर?" आता कुरकुरत नाही. कारण त्याला कळलं की प्रश्न फक्त बर्फाचा नाही, रबराचा आहे.

थंडीत रबर कडक होतं. तापमान साधारण सात अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी टायरची पकड कमी होऊ लागते, असं तिकडे सांगतात. हिवाळी टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं आणि त्यावर बारीक बारीक चिरा असतात. थंडीतही ते लवचिक राहतं. पण तोच टायर तीस-पस्तीस अंशांत चालवला तर लवकर झिजतो, आणि ब्रेक लावल्यावर गाडी जास्त अंतर घेऊन थांबते. म्हणजे हिवाळी टायर हा "जास्त चांगला" टायर नव्हे. तो त्या हवेचा टायर आहे.

आता गंमत बघा. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत नोंदलेला नीचांक आहे ७.४ अंश, तारीख २२ जानेवारी १९६२. तिकडच्या टायरचा हिवाळा जिथे सुरू होतो, त्याच्या उंबरठ्यापर्यंत आपण एकदा जाऊन परत आलो. तेव्हा हिवाळी टायरचा विषय आपल्यापुरता संपला. पण त्यामागचा विचार संपत नाही. आपल्या हवेचा टायर कोणता, हा प्रश्न आपणही विचारायला हवा, आणि आपली हवा म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुंबईत सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. लंडनमध्ये वर्षभरात साधारण सहाशे पडतो, आणि तरी ते शहर पावसाळी म्हणून जगभर प्रसिद्ध!

मग बाजारात "पावसाळी टायर" मागायचा का? माझं मत, नाही. छोट्या गाडीसाठी वेगळा पावसाळी टायर घ्यायची गरज नाही. आपल्याकडे मिळणारा साधा, योग्य मापाचा टायर पावसाला पुरेसा आहे. मात्र त्याच्या खाचा खोल हव्यात, त्याचं वय कमी हवं आणि त्यात हवा बरोबर हवी. या तीन गोष्टी नसतील तर महागातला महाग टायरही निरुपयोगी आहे.

खाचांचं काम काय ते आधी पाहू. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. चार चाकांचे चार तळहात, एवढ्यावर आपलं सगळं कुटुंब चाललेलं असतं. पावसात त्या तळहाताखाली पाणी येतं आणि ते बाजूला सारल्याशिवाय रबर रस्त्याला टेकत नाही. ते पाणी किती असतं, याचा शाळेतला साधा गुणाकार करू. टायर १६५ मिलिमीटर रुंद, रस्त्यावर पाणी दोन मिलिमीटर, गाडीचा वेग ताशी साठ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. गुणाकार साडेपाच लिटर येतो. टेकणारी रुंदी थोडी कमी असते म्हणून पाच धरा. एका सेकंदात पाच लिटर, म्हणजे अर्धी कळशी पाणी, पुढच्या प्रत्येक चाकाला बाजूला लोटायचं आहे. हे पाणी जातं खाचांतून. खाचा झिजल्या की त्याला जायला जागा राहात नाही, टायर पाण्यावर चढतो आणि गाडी तरंगते. याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात. मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडीला ते ऐकूच जात नाही. हवा कमी असली तर हे आणखी कमी वेगाला होतं.

यावर कुणी म्हणेल, "मास्तर, गिरगावात नि लालबागला ताशी साठने कोण चालवतो? वीसने चाललो तरी नशीब." बरोबर आहे. मी लहान असताना तर रस्त्यात ट्रामचे रूळ होते. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली, तोवर पावसात त्या रुळांवरून सायकली घसरायच्या. तेव्हा वेगाचा प्रश्नच नव्हता. पण शहर आता तसं राहिलेलं नाही. पूर्व मुक्त मार्ग २०१३ मध्ये आला. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये आला, तिथे मोटारीला ताशी शंभरची परवानगी आहे. सागरी किनारा मार्ग मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला, तिथे सरळ रस्त्याला ऐंशी आणि बोगद्यात साठ. ज्या गाडीने आयुष्यभर ठाकूरद्वार ते प्लाझा एवढाच प्रवास केला, ती गिरगाव चौपाटीजवळ बोगद्यात शिरते आणि काही मिनिटांत वरळीला ऐंशीच्या वेगाने पावसात असते. गाडी तीच, टायर तेच, रस्ता मात्र बदलला. हा बदल आपल्या सवयींत अजून उतरलेला नाही.

आणि कमी वेगातही पाऊस सोडत नाही. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावर आठ महिन्यांची धूळ आणि तेल भिजून जो थर होतो, तो साबणासारखा असतो. पेव्हर ब्लॉक, झेब्रा क्रॉसिंगचा जाड पांढरा रंग, कुठल्यातरी कामासाठी टाकलेला लोखंडी पत्रा, हे सगळं ओलं झालं की निसरडं. इथे पाण्याची खोली नसते, त्यामुळे खाचांइतकंच रबराच्या मऊपणाला महत्त्व येतं. आणि इथेच येतो वयाचा मुद्दा.

आपल्या भागातल्या किती गाड्या चालतात कमी आणि उभ्या राहतात जास्त! वाडीत, चाळीच्या आवारात, नाहीतर रस्त्याच्या कडेला कव्हर घालून. रविवारी सिद्धिविनायक, एखादं लग्न, एखादं हॉस्पिटल. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर. मालक अभिमानाने सांगतो, "सात वर्षं झाली, टायर अजून नवे आहेत." खाचा नव्या आहेत, हे खरं. पण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. ऊन, उष्णता, हवा यांनी ते कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात. आमच्या वयाच्या माणसांना हे वेगळं समजावायला नको... चाललं नाही म्हणून काही सांधे तरुण राहात नाहीत!

टायरचं वय कळणं सोपं आहे. त्याच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असं असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पाच वर्षं झाली की दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांच्या पुढे वापरूच नका, असं टायर कंपन्या सांगतात. उन्हात उभ्या राहणाऱ्या मुंबईच्या गाडीला मी सहा वर्षं धरतो, दहा नाही. नवीन घेतानाही हे चार आकडे दुकानात वाचून घ्यावेत. ऑपेरा हाऊसच्या बाजूला मोटारीच्या सामानाचा एवढा बाजार आहे. तिथे चष्मा लावून खाली बसून आकडे वाचणारा म्हातारा पाहून पोरं हसतात. हसू देत.

खोलीचं म्हणाल तर आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटर ठरवून दिलेली आहे. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो संपला. पण हा शेवटचा आकडा आहे, पस्तीस टक्क्यांना पास म्हणावं तसा. नवीन टायरची खाच सात-आठ मिलिमीटर असते. जर्मनीतली एडीएसी ही मोटारचालकांची संस्था उन्हाळी टायर तीन मिलिमीटरला बदला म्हणते. आपण पावसाळ्यात शिरताना तीनच धरावेत. मोजायला यंत्र नको. नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या, मात्र जिचा शून्य अगदी कडेपासून सुरू होतो अशी. चारही टायर, प्रत्येकी तीन जागी, आत, मध्ये आणि बाहेर. आतून जास्त झिजला असेल तर अलाइनमेंट बिघडलेली आहे आणि मध्ये जास्त झिजला असेल तर हवा जास्त भरली जाते आहे. टायर बोलतो, आपण वाकून ऐकायला हवं.

आता निवडीबद्दल. माप बदलू नये. १६५/७० आर १४ म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या सत्तर टक्के आणि रिम चौदा इंची. कंपनीने हे विचार करून दिलेलं असतं. शेजारची तरुण मुलं गाडीला १८५ चे रुंद टायर बसवतात. दिसायला छान दिसतात, कोरड्या रस्त्यावर थोडी पकडही वाढत असेल. पण मघाचा गुणाकार आठवा. रुंदी वाढली की लोटायचं पाणी वाढलं, आणि गाडीचं वजन तेवढंच असल्यामुळे दाब पसरला. हलक्या गाडीला रुंद टायर पावसात तोट्याचा.

दुसरं, "किती देते?" हा आपला राष्ट्रीय प्रश्न. गाडी लिटरला किती देते आणि टायर किती हजार किलोमीटर चालतो. इंधन वाचवणारा, दीर्घकाळ टिकणारा टायर आणि ओल्या रस्त्याला चिकटणारा टायर, यांत ओढाताण असते. चांगले कारखाने दोन्ही साधायचा प्रयत्न करतात, पण स्वस्तात दोन्ही मिळत नाही. युरोपात प्रत्येक टायरवर लेबल असतं आणि ओल्या रस्त्यावरच्या पकडीला ए ते ई अशी अक्षरं असतात, म्हणजे प्रगतिपुस्तकच. आपल्याकडे २०२२ साली केंद्र सरकारने ओल्या पकडीसह टायरचे किमान निकष अधिसूचित केले, ही चांगली गोष्ट झाली. पण पास झालेल्यांत पहिला कोण आणि काठावरचा कोण, हे मी ज्या दुकानांत गेलो तिथे कुणी दाखवू शकलं नाही. पास-नापास जाहीर करून गुण झाकून ठेवणं मला शिक्षक म्हणून कधीच पटलं नाही. ओल्या पकडीचं अक्षर ग्राहकाच्या डोळ्यांसमोर यायला हवं. तोवर दुकानदाराला निदान विचारावं, "पावसात कसा आहे?" टिकतो किती, हा प्रश्न त्यानंतर.

पैशाचंही बोलायला हवं. छोट्या गाडीचे चार टायर म्हणजे बारा ते अठरा हजार. पेन्शनीत हा आकडा डोळ्यात भरतो. म्हणून लोक दोनच बदलतात, त्यातही काही वाईट नाही. पण ते दोन बसवायचे कुठे? पंक्चरवाला सांगतो, "साब, आगे डालो", कारण इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना आणि स्टिअरिंगही तिथेच. ऐकायला पटतं. पण नवे टायर मागे बसवावेत. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाऊ लागते, ऍक्सिलरेटरवरून पाय काढला की बहुधा सावरते. मागची चाकं घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि साध्या चालकाला ती सावरता येत नाही. म्हणून चांगली पकड मागे. पुढचे टायर मात्र तीन मिलिमीटरच्या वर असायला हवेत, नाहीतर चारही बदला.

हे सगळं कशासाठी, तर गणपतीसाठी. लालबाग-परळ-गिरगावातली निम्मी वस्ती कोकणातली. जी गाडी वर्षभर कव्हरखाली झोपलेली असते, ती ऐन भाद्रपदात पाच माणसं, डिकीत सामान, टपावर आणखी काही, अशी भरून रात्री निघते. चिपळूण अडीचशे किलोमीटर, रत्नागिरी सव्वातीनशेच्या पुढे. मुंबई-गोवा रस्ता, पाऊस, अंधार, कशेडी आणि परशुरामचे घाट. वर्षातली सगळ्यात कठीण परीक्षा, आणि बसते सगळ्यात कमी अभ्यास केलेली गाडी. निघण्याआधी एक तरी गोष्ट करा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर हवेचा तक्ता चिकटवलेला असतो, त्यात भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला असतो. तेवढी हवा थंड टायरमध्ये भरा, आणि स्टेपनीतही भरा. घाटात रात्री दोन वाजता स्टेपनी काढावी आणि तीही बसलेली निघावी, याहून केविलवाणं दृश्य नाही.

आता टायर काय करू शकत नाही, तेही सांगायला हवं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला मात्र जेमतेम सत्तर-पंचाहत्तर. त्या दिवशी काही माणसं बंद गाडीत अडकून गुदमरून गेली. २९ ऑगस्ट २०१७ ला डॉ. दीपक अमरापूरकर पाण्यात अडकलेली गाडी सोडून घरी चालत निघाले आणि एल्फिन्स्टनजवळ उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. हिंदमाताचा खोलगट भाग आमच्या पिढीने दर पावसाळ्यात तुंबलेला पाहिला. तिथे तुंबलेल्या पाण्यापुढे कुठल्याही टायरचा इलाज चालत नाही. छोट्या गाडीचं चाक पावणेदोन-दोन फुटांचं. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत दिसलं की गाडी घालू नये. तिथे शहाणपण टायरमध्ये नसतं, थांबण्यात असतं.

आणि शेवटी प्रश्न हा, की हे सगळं बघायचं कुणी? इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी असते, जर्मनीत दर दोन वर्षांनी, आणि त्यात टायर पाहतात. आपल्याकडे खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. मधल्या काळात नियमाने तपासला जातो तो धूर, पीयूसीसाठी. गाडी काय सोडते ते आपण तपासतो, गाडी थांबते का ते कुणी तपासत नाही. १.६ मिलिमीटरचा नियम पुस्तकात आहे, पण पट्टी घेऊन कुणी येत नाही. माझं म्हणणं, पीयूसीच्या टपरीवर धुराबरोबर टायरची खोली मोजायला काय हरकत आहे? एक मिनिटाचं काम आहे. त्याने शहरातले किती गुळगुळीत टायर उघडे पडतील! सरकार ते करील तेव्हा करील. तोवर कायदा आपल्याच कंपासपेटीत आहे.

लोक म्हणतात, "आमची गाडी, आमचे टायर, आम्ही बघू." पण थांबायला चार मीटर जास्त लागले तर ते मीटर रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचे असतात. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, नेमक्या पहिल्या पावसात. मी कितीतरी वर्षं त्या दिवसांत शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो आहे. नवे रेनकोट, डोळ्यांवर आलेली टोपी, पाठीवर दप्तर, एका हातात छत्री. त्या मुलांना बाजूचं दिसत नाही, हॉर्न ऐकू येत नाही आणि ती धावत रस्ता ओलांडतात. त्यांना कितीही सांगा, ती धावणारच. म्हणून थांबायची जबाबदारी गाडीवाल्याची. तेव्हा टायर बदलायचे असतील, निदान मोजायचे असतील, तर ते शाळा उघडायच्या आत करावं, एवढंच माझं सांगणं.